पिवळ्या तारेतले चित्र

मार्च २०२१मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातून ‘राइट अप अवर अ‍ॅली’ नावाची एक चित्रफीत बाहेर आली. लांबी जेमतेम दीड मिनिट. ब्रायंट लेक बोल या जुन्या बोलिंगघरात रस्त्यावरून एक ड्रोन शिरतो आणि कुठेही न तुटता, एका दमात सगळी वास्तू हिंडतो: खेळणाऱ्यांच्या पायांमधून, बारजवळून, पिना उभ्या करणाऱ्या यंत्रांच्या मागच्या अडचणीच्या जागेतूनसुद्धा. दिग्दर्शक अँथनी जास्का, उडवणारा जे क्रिस्टेन्सन. जेम्स गन, ली अंकरिच यांच्यासारख्या सिनेमावाल्यांनी तिचे जाहीर कौतुक केले. फितीतले आवाज मागाहून भरलेले आहेत, कारण ड्रोनच्या पंख्यांच्या घरघरीत दुसरे काही ऐकूच आले नसते. हे कळल्यावर मी ती आवाज बंद करून पाहू लागलो आणि मला ती तशीच जास्त आवडते.

पण ती फीत ज्या चित्राच्या भरवशावर उडवली गेली, ते चित्र आपण पाहिलेलेच नाही. अशा छोट्या ड्रोनवर दोन कॅमेरे असतात. एक गोप्रो, वजन वाचवण्यासाठी कवच आणि बॅटरी काढून सोललेला. तो जे पाहतो ते स्वतःच्या कार्डावर लिहून ठेवतो. दुसरा अगदी लहान, ड्रोनच्या नाकाशी बसवलेला. तो पाहतो ते त्याच क्षणी हवेत सोडून देतो आणि उडवणाऱ्याच्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये ते उमटते. दोघे एकाच बॅटरीवर जगतात आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. आपण वाखाणतो ते पहिल्याचे काम. भिंतीजवळून वळण घेतले जाते ते दुसऱ्याच्या जिवावर.

या दुसऱ्या कॅमेऱ्यापासून प्रक्षेपकापर्यंत, म्हणजे या छंदातली मंडळी ज्याला ‘व्हीटीएक्स’ म्हणतात तिथपर्यंत जाणारी तार मला त्या फितीइतकीच वाचनीय वाटते. आता डिजिटल यंत्रणा आल्या आहेत. पण वाचायला बसायचे तर जुनी अ‍ॅनालॉग जोडणीच घ्यावी. तिच्यात काही झाकलेले नाही.

तारा तीन. लाल विजेची, काळी ग्राउंडची, पिवळी चित्राची. (रंगांवर विसंबू नये, कारखान्यागणिक ते बदलतात. बोर्डावर छापलेली अक्षरे वाचावीत.) ज्यांनी घरी व्हीसीआर वापरला त्यांना ही पिवळी ओळखीची आहे. त्या यंत्राच्या मागच्या पिवळ्या पिनेतून टीव्हीत जे जायचे, तेच या केसाएवढ्या तारेतून व्हीटीएक्समध्ये जाते.

काय जाते? सगळा व्यवहार एका व्होल्टचा. त्यातला खालचा ०.३ व्होल्ट चित्रासाठी नाहीच. उरलेल्या ०.७ व्होल्टात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जे काही दिसते ते बसवायचे. पाल या टीव्ही-पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात. त्यातले ४.७ मायक्रोसेकंद व्होल्टेज पार तळाला बुडी मारते. तबल्याने सम दाखवावी तशी ही बुडी गॉगलला सांगते, नवी ओळ आली. लगेच ४.४३ मेगाहर्ट्झची दहाएक आवर्तने येतात, ती रंगाचा सूर लावून देतात. मग सुमारे ५२ मायक्रोसेकंद डावीकडून उजवीकडे चित्र. पुन्हा बुडी, पुन्हा सूर, पुन्हा चित्र. सेकंदाला १५,६२५ वेळा. मला या रचनेत सर्वांत भावते ती तळाची राखीव जागा. एका व्होल्टची तुटपुंजी शिदोरी, तरी तिच्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा केवळ ताल चुकू नये म्हणून बाजूला काढलेला. चित्र कितीही अंधारे झाले तरी ते त्या जागेत उतरायचे नाही.

व्हीटीएक्स हे चित्र साठवत नाही, तपासत नाही, आवळून लहान करत नाही. तारेवरचे व्होल्टेज जसे हलेल तशी तो आपली ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर वरखाली हलवतो आणि अँटेनातून सोडतो. एफएम रेडिओचीच ही रीत. हवेतला प्रवास तर हिशेबात धरण्याजोगाही नाही: एक ओळ निघून संपेपर्यंत प्रकाशाच्या वेगाने जाणारी ही लहर एकोणीस किलोमीटर जाऊन पोचते. जो काही उशीर होतो तो कॅमेऱ्याच्या आणि गॉगलच्या पोटात. आणि तो उशीर महत्त्वाचा असतो. सेकंदाला वीस मीटर वेगाने जाणाऱ्या ड्रोनचे चित्र तीस मिलिसेकंद उशिरा आले, तर खरा ड्रोन दिसतो त्याच्या साठ सेंटिमीटर पुढे असतो. शंभर मिलिसेकंदांनी आले, तर दोन मीटर. दोन मीटरमध्ये एक अख्खे दार मावते.

सरळ कॅमेऱ्यातून व्हीटीएक्समध्ये तार नेली तरी चित्र दिसते. पण बहुतेक जण ती वाटेत फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या बोर्डावरून नेतात. तिथे मॅक्स७४५६ जातीची एक चिप बसलेली असते. ती ओळींच्या बुड्या मोजत राहते आणि नेमक्या ओळीत, नेमक्या जागी, क्षणभर कॅमेऱ्याचे व्होल्टेज बाजूला सारून स्वतःचे पांढरे किंवा काळे घुसवते. त्यातून अक्षरे तयार होतात: बॅटरी किती उरली, उडून किती वेळ झाला. पाल चित्रावर तीस स्तंभ आणि सोळा ओळी एवढा तिचा फळा. दुसऱ्याच्या धावत्या मजकुरात समासाबाहेर न जाता टीप लिहिण्याचे हे कसब आहे.

हीच चिप बिघाड वाचायलाही शिकवते. कॅमेऱ्याकडून काहीच आले नाही, तर ती स्वतःचा ताल तयार करून अक्षरे दाखवत राहते. म्हणजे गॉगलमध्ये कोऱ्या पडद्यावर अक्षरे दिसत असतील, तर दोष कॅमेऱ्यात किंवा त्याच्या तारेत. चित्र आहे पण अक्षरे नाहीत, तर चिप किंवा तिची सेटिंग. दोन्ही नाहीत, तर व्हीटीएक्स, त्याची वीज किंवा चुकलेला चॅनल. मल्टिमीटर हातात घेण्याआधीच निम्मे निदान झालेले असते.

काळ्या तारेकडे नवखे लक्ष देत नाहीत. पिवळीवरचा एक व्होल्ट मोजायचा तो काळीच्या तुलनेत. काळीच जर हलत असेल, तर पिवळी कितीही खरे बोलली तरी चित्र खोटे उमटते. ड्रोनच्या चार मोटरी बॅटरीतून झटक्याझटक्याने करंट ओढतात, तो ग्राउंडच्या वाटेने परततो, आणि चित्रावर तिरक्या रेघा धावू लागतात. थ्रॉटल वाढवला की रेघा दाट होतात. उपाय साधा आहे: कॅमेऱ्याची काळी तार पिवळीच्या सोबतीने न्यावी, कुठल्याही दूरच्या ग्राउंडला टोचू नये, आणि बॅटरीच्या तारांवर एक चांगला कपॅसिटर, ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा, सोल्डर करावा. आणखी एक. पिवळी तार पलीकडच्या टोकाला ७५ ओहमचा भार गृहीत धरते. एकाच कॅमेऱ्यातून दोन ठिकाणी चित्र हवे म्हणून तिला सरळ फाटा फोडला, तर दोन्हीकडचे चित्र मंद पडते.

आता त्या चित्राच्या रूपाबद्दल. गोप्रोच्या तुलनेत ते गरीबच दिसते: कडा मऊ, रंग थोडे वाहवलेले. पण त्याला मरणे कळते. अंतर वाढले किंवा मध्ये भिंत आली की आधी मुंग्या येतात. मग रंग जातात, काळे-पांढरे उरते. मग बुड्या ओळखू येईनाशा होतात आणि ओळी फाटतात, चित्र वर सरकू लागते. सारे टप्प्याटप्प्याने, सांगून सवरून. १९८२मध्ये दूरदर्शन रंगीत झाले ते याच पाल पद्धतीने. गच्चीवर अँटेना फिरवत खालच्यांना “आलं का?” विचारणाऱ्या पिढीला या चित्राची भाषा नव्याने शिकावी लागणार नाही. उडवणारा मुंग्यांच्या दाटीवरून अंतर ओळखतो आणि फिरतो. डिजिटल चित्र लख्ख असते, पण संदेश तुटला की अनेकदा शेवटची चौकट गोठून राहते. समोर स्वच्छ खोली दिसत असते आणि ड्रोन केव्हाच भिंतीवर गेलेला असतो.

एके काळी दोन कॅमेऱ्यांची ही फारकत नव्हती. २०१२च्या गोप्रो हीरो ३च्या मिनी यूएसबी खाचेतून पिवळ्या तारेचे चित्र बाहेर काढता येत असे. लोक त्या खाचेत आडवा प्लग घालून तो थेट व्हीटीएक्सला जोडत. एकच डोळा, तोच पाहणारा आणि तोच लिहिणारा. वजन वाचे, पैसे वाचत. पण गोप्रो आधी चित्र सजवतो, मग बाहेर देतो, त्यामुळे उशीर जास्त. शिवाय तो अडकला की उडवणारा आंधळा. कॅमेरा गिंबलवर, म्हणजे हादरे गिळणाऱ्या टेकूवर बसवून तरंगत जाणाऱ्या ड्रोनला हे चालून गेले. बोलिंगघरात पायांमधून जाणाऱ्याला चालले नसते. म्हणून सुंदर चित्र आणि वेळेवरचे चित्र असे दोन संसार थाटावे लागले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

२०१९मध्ये ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीची डिजिटल एफपीव्ही (ड्रोनच्या नजरेतून उडवण्याची) यंत्रणा आली आणि व्यावसायिक चित्रणात तिच्या कुळातल्या यंत्रणांनी अ‍ॅनालॉगला मागे सारले. चित्रीकरणाचे काम करायचे असेल, तर डिजिटलच घ्या. तिथे भाबडी आठवण काढण्यात अर्थ नाही. शिकायचे असेल, तर मात्र आधी तीन तारांचीच जोडणी करा. आणि ती करायला बसाल तेव्हा क्रम पाळा: अँटेना आधी, बॅटरी नंतर. अँटेनाविना वीज दिली, तर लहरीला बाहेर पडायला वाट मिळत नाही, ती उलटून व्हीटीएक्सच्या शेवटच्या टप्प्यातली चिप जाळू शकते. टेबलावर तपासताना शक्ती २५ मिलिवॉटवर ठेवा आणि पंख्याचा वारा सुरू ठेवा, कारण हा व्हीटीएक्स उडत्या वाऱ्यात थंड होण्यासाठीच घडवलेला आहे.