वर्गणी, फड आणि भागभांडवल

महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास लिहिताना १९०४ चा पतसंस्था कायदा, १९५० साली प्रवरानगरला सुरू झालेला साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता आणि १९६० चा राज्य सहकारी संस्था अधिनियम हे टप्पे न चुकता येतात. कलेचा उल्लेख आलाच, तर तो एखाद्या कारखान्याच्या रौप्यमहोत्सवी समारंभापुरता. सहकार म्हणजे भांडवल, उत्पादन आणि बाजारपेठ यांची व्यवस्था, आणि कला म्हणजे त्या व्यवस्थेतून उरलेल्या पैशावर होणारी करमणूक, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात गावाने एकत्र पैसा उभा करण्याची आणि त्याचा हिशेब चारचौघांत मांडण्याची सवय कलेच्या निमित्ताने कायद्याच्या कितीतरी आधी रुजलेली होती. पुढे कलेने सहकाराचा प्रचार केला आणि सहकार बिघडला तेव्हा त्याला जाबही विचारला. या तिन्ही कामांच्या मोबदल्यात सहकाराने कलावंताला पाहुण्याची खुर्ची दिली, सभासदत्व मात्र दिले नाही.

हा विचार तपासून पाहण्यासाठी मुळशी तालुक्यातील महाळुंगे हे गाव सोयीचे आहे. मुळेच्या काठावरचे हे गाव १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या महाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलामुळे बाहेरच्यांना प्रथम माहीत झाले; शेजारच्या हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञान उद्योग आल्यावर भातखाचरांच्या जागी उंच इमारती आल्या; महाळुंगे-माण नगररचना योजना आखली गेली; आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांत त्याचा समावेश झाला. या स्थित्यंतरात सहकार नाहीसा झालेला नाही, कारण येथे उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक निवासी प्रकल्प यथावकाश सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदला जातो. शेती सरत असताना सहकारी संस्थांची संख्या वाढते आहे. या संस्थांत सहकारी वृत्ती किती आणि सामायिक देखभालखर्चाची वाटणी किती, हा प्रश्न मात्र उरतोच.

जुन्या गावात ही वृत्ती घडवणारी दोन सांस्कृतिक निमित्ते होती, ग्रामदैवताची जत्रा आणि अखंड हरिनाम सप्ताह. जत्रेची वर्गणी दर उंबऱ्यामागे ठरे, पंचमंडळी ती गोळा करत, तमाशाची सुपारी, कुस्त्यांचे इनाम आणि पालखीचा खर्च तीतून भागे, आणि जत्रा उलगडल्यावर जमाखर्च देवळात वाचून दाखवला जाई. सप्ताहाची रचना याहून सूक्ष्म असते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, या नियमामुळे वीणेच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावाव्या लागतात. म्हणजेच येथे वर्गणी पैशाइतकीच वेळाची आणि श्रमाची असते आणि मध्यरात्रीचा पहारा चुकवणारा साऱ्या गावाच्या लक्षात राहतो. पंगतीसाठी धान्य घरोघरचे, कीर्तनकाराची बिदागी सामायिक, पखवाज शिकवणारा गावचाच. सहकाराच्या ग्रंथांत ज्यांना सभासदांचा सहभाग, लोकशाही नियंत्रण आणि हिशेबाची जाहीरता म्हटले जाते, त्यांचा सराव या पाळ्यांत आणि त्या जमाखर्चाच्या वाचनात होत असे. याच तालुक्यात, कासारसाई-दारुंब्रे येथे, उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याला संत तुकारामांचे नाव आहे. ज्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते, त्याचे नाव कर्जाच्या आधारावरच चालणाऱ्या संस्थेला द्यावे, यात नकळत का होईना, थोडा विनोद आहे.

या व्यवस्थेला सोज्ज्वळ सहकार ठरवण्याची घाई मात्र करू नये. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या बगाडासारख्या यात्रांत कोणते काम कोणाकडे हे ‘मानाने’ ठरते, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या हक्काने. गावगाड्यात हा मान जातीच्या उतरंडीशी बांधलेला होता आणि स्त्रियांना निर्णयात जागा नव्हती. खुले सभासदत्व हे सहकाराचे पहिले तत्त्व. जत्रेत सभासदत्व जन्माने मिळते. वर्गणीतून विश्वास निर्माण होतो हे खरे, पण तो कोणाकोणात निर्माण होतो हेही विचारावे लागते.

जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर या व्यवस्थेत जो बदल झाला, त्याकडे सांस्कृतिक समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. पुण्याभोवतीच्या गावांत उंबऱ्यागणिक वर्गणीची जागा हळूहळू एकट्या देणगीदाराने घेतली, आणि जत्रेचा कार्यक्रम, गणेशोत्सवाचा देखावा किंवा दहीहंडी त्याच्या फलकाखाली होऊ लागली. रक्कम वाढली, कलाकार नामवंत झाले, ध्वनिव्यवस्था अवाढव्य झाली. पण ज्याने पैसा दिला नाही त्याचा हिशेब विचारण्याचा अधिकारही गेला. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) हा चित्रपट जमीन विकलेल्या शेतकरी कुटुंबाच्या घसरणीची कथा सांगतो. त्यातील हिंसेच्या आकर्षकतेवर आक्षेप घेता येतो, तथापि जमिनीसोबत सामूहिक पत जाते आणि तिची जागा दहशत घेते, हे त्याचे निरीक्षण बिनतोड आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून, कंपनीत भागधारक होऊन, स्वतःच नगर वसवले; तो दुसरा मार्ग त्याच जिल्ह्यात उपलब्ध होता. त्यावर मात्र चित्रपट निघालेला नाही, कारण यशस्वी हिशेबात नाट्य कमी असते.

प्रचाराच्या भूमिकेत कलेने केलेले काम तुलनेने परिचित आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन गण-गौळणीच्या जागी सावकार, भटजी आणि कुलकर्णी यांच्याकडून होणारी नागवणूक मांडली. ज्या पुणे जिल्ह्यात १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला, त्याच्या आसपासच्या समाजाला पतपेढी का हवी, हे सरकारी परिपत्रकाने नव्हे तर अशा फडांनी आधी पटवले. पुढे आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक यांनी हाच वारसा चालवला. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य सेवा दलाच्या कलापथकासाठी लिहिले, आणि नावावरूनच कळते की प्रचाराबरोबर पुढाऱ्याची टिंगलही त्यात होती. त्याच सेवा दलाच्या कलापथकात निळू फुले घडले. काही वर्षांनी ‘सामना’मध्ये सहकारसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील त्यांनीच उभा केला.

‘सामना’ आणि ‘मंथन’ एकत्र पाहिले की या विषयाचा गाभा हाती लागतो. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला, तर श्याम बेनेगल यांचा हिंदी ‘मंथन’ १९७६ मध्ये आला. ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, आणि पडद्यावर आपलाच चित्रपट पाहायला ते गावोगावहून आले, चित्रपटाचे भांडवलच सहकारी असल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. असा चित्रपट सहज जाहिरात झाला असता. परंतु पटकथेने गावातील जातीचा प्रश्न झाकला नाही, दूधसंस्थेवर कब्जा करू पाहणारा सरपंच लपवला नाही, आणि शहरातून आलेल्या पशुवैद्याला शेवटी गाव सोडायला लावून संस्था दलित तरुणाच्या हाती सोपवली. ‘सामना’मध्ये संस्था उभी आहे, कारखाना चालतो आहे, रस्ते झाले आहेत, आणि एक माणूस नाहीसा झाला आहे; त्याचे काय झाले, एवढाच प्रश्न एक दारुडा मास्तर विचारत राहतो. एकाच लेखकाने सहकाराची उभारणी आणि सहकाराची सत्ता यांचे हे दोन आलेख लागोपाठ काढले. वैधानिक लेखापरीक्षण पैशाचा हिशेब तपासते, माणसांचा तपासत नाही, आणि तो तपासण्याचे काम ‘सामना’ने केले. सहकाराला कलेने दिलेला सर्वांत मोठा आधार हाच आहे, जरी तो स्वीकारताना सहकारी नेतृत्वाचा चेहरा फारसा प्रसन्न नसला.

त्या नेतृत्वाला आश्रयदात्याची भूमिका अधिक भावली. तात्यासाहेब कोरे यांच्या वारणानगरात साखर कारखान्याच्या परिसरातील मुलांचा बाल वाद्यवृंद घडला आणि त्याने देशाबाहेरही कार्यक्रम केले. शेतकऱ्यांच्या मुलांच्या हाती सतार, तबला, जलतरंग येणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि तिचे श्रेय निःसंशय द्यायला हवे. अकलूजला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९० च्या दशकात सुरू झालेल्या लावणी स्पर्धेने पारंपरिक बैठकीच्या लावणीला प्रतिष्ठित व्यासपीठ आणि कुटुंबासह येणारा प्रेक्षक मिळवून दिला. दोन्ही उपक्रम चांगले आहेत आणि दोन्हींत एकच उणीव आहे. बक्षीस घेऊन परतणारी लावणी कलावती दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या अर्थव्यवस्थेत जाते.

ती अर्थव्यवस्था तमाशाच्या फडात पाहावी. फडमालक हंगामापूर्वी कलावंतांना ‘उचल’ देतो, म्हणजे पुढच्या कामावर आगाऊ रक्कम. ती फेडण्यासाठी कलावंत हंगामभर बांधलेला असतो. उचल देण्यासाठी, ट्रक आणि तंबूसाठी मालक स्वतः खासगी सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे काढतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे लागोपाठ जत्रा बंद राहिल्या तेव्हा कर्ज तसेच राहिले आणि उत्पन्न शून्यावर आले. ज्या सावकारीविरुद्ध जलशांनी गावे जागी केली, ती शेतातून बरीचशी हटली आणि जलशाला आपला साचा देणाऱ्या तमाशातच ठाण मांडून बसली. शासनाचे अनुदान अधूनमधून मिळते. परंतु अनुदान मागावे लागते आणि मागणारा सभासद नसतो.

कलावंतांच्या मालकीचे प्रयोग मराठीत झाले नाहीत असे नाही, ते भागीदारीच्या पुढे गेले नाहीत. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी काढलेल्या गंधर्व नाटक मंडळीत तिघे मालक होते. पुढे दोघे बाहेर पडले, मालकी एका नावावर एकवटली आणि कर्जही. ग्रंथाली या वाचक चळवळीने १९७० च्या दशकात वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन पुस्तके काढली, आणि ‘बलुतं’ व ‘उपरा’ ही आत्मकथने त्या बळावर वाचकांपर्यंत पोहोचली. तेथेही लेखक मालक नव्हता. केरळात १९४५ साली कोट्टायमला लेखकांनी साहित्य प्रवर्तक सहकारण संघम ही प्रकाशन संस्था सहकारी तत्त्वावर स्थापली आणि लेखकाला ३० टक्के मानधन देऊन प्रकाशन व्यवसायाचे गणितच बदलले. चेन्नईजवळच्या चोळमंडलम येथे १९६६ पासून चित्रकारांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या विक्रीतून जमीन घेतली आणि वसाहत उभारली. सहकाराचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रात या तोलाची कलावंतांची सहकारी संस्था उभी राहिली नाही, आणि याचे कारण कायद्यात नाही. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापणे हा मूलभूत अधिकारच केला आहे. कारण दृष्टीत आहे. ऊस उत्पादन मानला गेला, लावणी करमणूक.

महाळुंग्यासारख्या गावात या साऱ्याचा अर्थ फार दूरचा नाही. तेथील गृहनिर्माण संस्थांच्या दिवाळी पहाटेला आणि गणेशोत्सवाला कार्यक्रम हवे असतात, त्यासाठी दरवर्षी वर्गणी जमते आणि ती बहुधा आयोजन करणाऱ्या कंपनीकडे जाते. अशा दहा-वीस संस्थांनी एकत्र येऊन परिसरातील भजनी मंडळे, वादक आणि लोककलावंत यांच्याशी वर्षभराचा करार केला, तर कलावंताच्या हाती ठरलेल्या उत्पन्नाचा कागद येईल. जिल्हा बँक उभ्या उसाच्या भरवशावर पीककर्ज देते, कारण कारखाना ऊस घेणार हे ठरलेले असते. नारायणगावच्या राहुटीत ठरलेली सुपारी हेही ठरलेले उत्पन्नच आहे. त्या सुपारीच्या तारणावर फडाला हंगामी कर्ज देणारी, कलावंत आणि फडमालक दोघांनाही सभासद करून घेणारी पतसंस्था पुणे जिल्ह्यातील सहकारी धुरीणांनी प्रथम उभी करावी. लावणीचे पुढचे बक्षीस त्यानंतर जाहीर करावे.