‘उघडलं’ म्हणजे ‘वाचलं’ नव्हे

बार्शीटाकळीला आमच्या घरी एकच स्मार्टफोन चौघांत फिरतो. मागच्या हंगामात गावातल्या ग्रुपवर गुलाबी बोंडअळीचा सल्ला आला: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणी करा. भाच्यानं गेम खेळता खेळता तो ग्रुप उघडला नि बंद केला. न वाचलेल्यांचा आकडा गायब! बाबांना सल्ला कळला आठ दिवसांनी. “मले काय माईत? आकडाच नोयता तिथं.”

भाच्याची चूक नाही, बाबांचीही नाही. चूक आहे ती ‘वाचलं’ या शब्दाच्या व्याख्येत. तीच आज तपासू.

तुमचं काय वाचायचं राहिलंय, हे यंत्र कसं लक्षात ठेवतं? सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे तुमच्या शेवटच्या भेटीची वेळ नोंदवायची. माणशी एकच आकडा. पण तुम्ही दहापैकी दोन वाचून उठलात, तरी पुढच्या वेळी उरलेले आठही ‘जुने’. दुसरं टोक म्हणजे प्रत्येक वाचक आणि प्रत्येक मजकूर यांच्या जोडीला एक नोंद. अचूक खरी, पण 1,000 वाचक आणि 50,000 मजकूर म्हटले, की 5 कोटी नोंदी होऊ शकतात.

मधला मार्ग मला सगळ्यात देखणा वाटतो, आणि तो जुना आहे. नव्वदच्या दशकात परदेशातली मराठी मुलं यूजनेटवर ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ वाचायची. तिथं वाचकाच्याच संगणकावर ‘न्यूजआरसी’ नावाची साधी फाईल असे. गटाच्या नावापुढे ‘1-4500,4507’ असं लिहिलेलं. म्हणजे 4501 ते 4506 राहिलेत. हजारो नोंदी एका ओळीत! उणीव एवढीच, की क्रमांक त्या-त्या सर्व्हरचे असत. सर्व्हर बदलला की यादी निरुपयोगी.

ड्रुपल 7 नं वेगळी तडजोड केली: 30 दिवसांपेक्षा जुनं ते सगळं वाचलेलंच धरायचं. नोंदी आटोक्यात राहतात. पण महिनाभर शेतात अडकलेल्या माणसाला परत आल्यावर ‘काही राहिलं नाही’ असं सांगणं, हे खोटंच ना?

ईमेलच्या आयमॅप पद्धतीत मात्र शहाणपणाची एक बारीक सोय आहे. पत्राचा मजकूर मागवला की ‘पाहिलं’ची खूण पडते, पण खूण न पाडता डोकावायची वेगळी आज्ञाही आहे. म्हणजे पाहणं आणि वाचणं वेगळं, हे निदान कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

माझा मुख्य आक्षेप नोंदींच्या संख्येवर नाही. या साऱ्या रीती दोन गोष्टी गृहीत धरतात: उघडलं म्हणजे वाचलं, आणि एक खातं म्हणजे एक माणूस. दुसरं गृहीतक आमच्या घरात रोज मोडतं. पहिलं तुमच्याही घरात मोडत असणार.

मग करायचं काय? आपोआप पडणारी खूण कच्ची धरावी. पक्की खूण वाचणाऱ्यानं स्वतः करावी, आणि ती पुसण्याचं बटण हाताशी असावं. पुस्तकात मोरपीस आपण ठेवतो. पुस्तक उघडलं म्हणून ते आपोआप पुढच्या पानावर सरकत नाही.

तोवर आमच्या घरी उपाय साधा आहे. कामाचा मेसेज दिसला की भाचा ओरडतो, “आबा, बोंडअळी!”