वाडा एक, संसार अनेक

दिवाळी आठ दिवसांवर आली की घर झाडायला निघते, आणि हातात केरसुणी घेतलेली गृहिणी एखाद्या खोलीच्या दाराशी क्षणभर थबकते. ही खोली पूर्वी बाळंतिणीची होती. मग ती मुलांच्या अभ्यासाची झाली. पुढे आजोबांचे अंथरूण तिथे पडले. आता तिच्यात ट्रंका आणि मोडका पाळणा आहे. भिंती त्याच, कोनाडा तोच, पण खोलीने चार जन्म घेतले. घराचा खरा इतिहास हा असा वापराचा इतिहास असतो, आणि तो कोणत्याही पाटीवर लिहिलेला नसतो.

मोठ्या वास्तूंविषयी लिहिताना मात्र आपण ही साधी गोष्ट विसरतो. कोणी बांधली, केव्हा बांधली, नक्षी कशी आहे, एवढे सांगितले की आपले समाधान होते. पुढे त्या छपराखाली कोण शिकले, कोण अर्ज घेऊन ताटकळले, कोणाला उंबऱ्याच्या आत येऊ दिले आणि कोणाला नाही, हे विचारायचे राहून जाते. महाड तालुक्यात अशी दोन ठिकाणे आहेत, जिथे उभे राहिले असता हा प्रश्न टाळता येत नाही. एक रायगडाच्या पायथ्याचे पाचाड आणि दुसरे तळीये. तळीयेकडे शेवटी वळू; आधी पाचाडला जाऊ.

पाचाडचा वाडा शिवाजीमहाराजांनी जिजाबाईंसाठी बांधला. गडावरची थंड हवा आऊसाहेबांना मानवत नव्हती, म्हणून पायथ्याशी ही सोय केली, असे सांगतात. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, आणि १७ जून रोजी पाचाडलाच त्यांनी डोळे मिटले. आज तिथे तटाचे दगड, जोती आणि विहिरी आहेत; जवळच समाधी आहे. तिथे गेलेला माणूस आवाज खाली करतो, ते योग्यच आहे. पण टीकाकाराच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट जाणवते. हा वाडा एका व्यक्तीच्या निवासासाठी जन्मला, आणि त्या व्यक्तीबरोबर त्याचे प्रयोजनही संपले. श्रद्धेने त्याची आठवण टिकवली. छप्पर मात्र श्रद्धेला टिकवता आले नाही. छपराला रोज कोणीतरी वर पाहणारे लागते. कौल सरकले, पाणी गळले, म्हणून आरडाओरडा करणारे लागते.

याच्या नेमके उलट उदाहरण पाहायचे, तर घाट चढून पुण्याला जावे लागेल. त्याचा धागाही महाडशी जुळतो. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा दुसरा बाजीराव पळाला तो याच बाजूला. महाडला काही काळ राहून पुढे तो समुद्रमार्गे वसईला गेला आणि वर्षअखेरीस इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. इंग्रजांच्या आधाराने गादीवर परतलेल्या या पेशव्याने पुण्यात आपल्यासाठी नवा वाडा बांधविला. तोच विश्रामबाग वाडा. शनिवारवाड्यापेक्षा त्याला हा अधिक आवडे. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांपुढे रायगड पडला, गडावरचा राजवाडा जळाला, तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावरच होती. विश्रामबागेचे वैभव आणि रायगडाची राख, दोन्ही एकाच घराण्याच्या वाट्याला आली.

वास्तू म्हणून विश्रामबाग पाहावा तो रस्त्याच्या बाजूने. लाकडी दर्शनी भाग, सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरीव खांब, त्यांच्या माथ्यावर केळफुलांची नक्षी, आणि पुढे आलेला सज्जा. पाहणाऱ्याची मान आपोआप वर होते. परंतु या वाड्याची खरी हुशारी दर्शनी भागात नाही, ती आत आहे. मधे चौक, भोवती ओसरी, ओसरीमागे खोल्या आणि वर दिवाणखाना. ही आपल्याकडची जुनीच मांडणी. तिच्यातल्या फारच थोड्या खोल्यांवर अमुक एकाच कामाचा शिक्का असतो. चौकात सकाळी मुले खेळतील, दुपारी वाळवण पडेल आणि रात्री कीर्तन होईल. बाजीरावाने वाडा ऐषआरामासाठी बांधविला. पण सुताराने आणि गवंड्याने नकळत असे काही रचले, की ते ऐषआराम संपल्यावरही उपयोगी पडावे.

आणि ते पडले. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, इंग्रज सरकारने या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे विद्वानांना जी दक्षिणा वाटत, तिच्या निधीतला भाग या कामी वळविण्यात आला. जिथे मैफली झडत, तिथे विद्यार्थी शास्त्रे घोकू लागले. सुरुवातीला हे विद्यार्थी ब्राह्मणच असत. म्हणजे राहणारे बदलले, पण उंबरा अजून तितकाच उंच होता. याच पाठशाळेच्या वंशात पुढे डेक्कन कॉलेज वाढले.

मग आली १६ नोव्हेंबर १८५२ ही तारीख. त्या दिवशी याच वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा त्यांच्या शिक्षणकार्याबद्दल शालजोडी देऊन सत्कार झाला. ज्यांनी मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांचा गौरव शेवटच्या पेशव्याच्या वाड्यात व्हावा! माझ्या मते विश्रामबागेच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा दिवस. बाजीरावाचे सगळे विलास त्यापुढे फिके आहेत. वास्तूचा वापर बदलला म्हणजे नुसते सामान हलले असे नव्हे; आत येणारी माणसे बदलली, तेव्हाच तो खरा बदल. महाडकरांना हे निराळे समजावून सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा तळ्याचा एक दगडही हलला नव्हता. हक्क तेवढा हलला, आणि तळे इतिहासात गेले.

विश्रामबागेची गोष्ट इथे संपत नाही. १३ मे १८७९ रोजी पुण्यात लावलेल्या आगीत बुधवार वाडा पार गेला आणि विश्रामबागेचाही काही भाग जळाला. जळालेला भाग पुन्हा उभारला गेला. मुलांची शाळा इथे भरली. १९३० ते १९५९ या काळात पुण्याचा नगरकारभार याच वाड्यातून चालला; १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तीही इथेच. टपाल कचेरीने इथे अनेक वर्षे मुक्काम केला. पेशव्यांच्या दारातून माणसे घरपट्टी भरायला आणि आंतर्देशीय पत्र टाकायला आत जाऊ लागली! पुढे वाड्याचे नाव वारसा-यादीत गेले, डागडुजी झाली, आणि शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन तिथे मांडण्यात आले.

इथे कोणी म्हणेल, की तुम्ही वापराचे फारच गोडवे गाता. वापराने वास्तू झिजतात, विद्रूप होतात, जळतातही. हे खरे आहे. बुधवार वाडाही वापरातच होता, तरी तो वाचला नाही. कचेरी आली की नक्षीवर खिळे ठोकले जाण्याचे भय असतेच. मी एवढेच म्हणतो, की वापर हा टिकण्याची हमी नाही. पण वापर संपणे ही पडझडीची सुरुवात निश्चित आहे. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. तिथले महाल पुन्हा उभे करण्याची गरज कोणालाच भासली नाही. राहिला तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. विश्रामबाग सावरला, कारण त्याच्यावाचून कोणाचे तरी अडत होते.

माझी तक्रार आहे ती आपल्या वारसा जपण्याच्या रीतीबद्दल. यादी लाकूड पाहते, दगड पाहते, साल पाहते. जीर्णोद्धार करणारे वाडा ‘मूळ’ रूपात आणू पाहतात. पण मूळ म्हणजे कोणते? बाजीरावाचे दहा-अकरा वर्षांचे वास्तव्य तेवढे मूळ, आणि विद्यार्थ्यांची, कारकुनांची, पोस्टमनांची शंभराहून अधिक वर्षे ही काय धूळ समजायची? जिथे शालजोडी दिली गेली, तो दिवस पाहणाऱ्याला दिवाणखान्यातल्या नक्षीइतकाच ठळक दिसला पाहिजे. एरवी आपण वाडा जपू आणि त्याचे आयुष्य पुसून टाकू.

आता तळीयेकडे वळू. २२ जुलै २०२१ रोजी, मुसळधार पावसात, डोंगराचा कडा या गावावर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. घरे होती की नव्हती असे झाले. त्या घरांची नोंद कोणत्याही वारसा-यादीत नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. पण प्रत्येकात एक बाळंतिणीची खोली होती, एक आजोबांचा कोपरा होता. वाचलेल्या कुटुंबांनी पुढे पत्र्याच्या कंटेनरांत दिवस काढले, आणि नवी घरे बांधण्याचे काम म्हाडाकडे गेले.

ऐतिहासिक वाड्याच्या लेखात हे कशाला, असे वाचकांनी विचारू नये. प्रश्न एकच आहे. घर मोजताना आपण काय मोजतो? चौरस फूट, खोल्या, किल्ल्या यांचा हिशेब लागतो, आणि तो लागलाही पाहिजे. डोक्यावर छप्पर ही पहिली गरज. पण कोकणातल्या घराला ओटी असते ती आल्यागेल्याला टेकायला, पडवी असते ती भात, लाकूड आणि पाहुणा यांपैकी जे येईल त्याला ठेवायला, गोठा हाकेच्या अंतरावर असतो आणि अंगणात वाळवण पडते. ही जागा कागदावर रिकामी दिसते. संसार मात्र तिच्यातच वाढतो. पेशव्याच्या चौकाने जे दोनशे वर्षे केले, तेच काम ही ओटी-पडवी करीत असते: उद्या काय गरज पडेल ते आज ठाऊक नसले, तरी त्या गरजेला जागा ठेवणे.

म्हणून यंदा घर झाडताना, त्या खोलीच्या दाराशी थबकाल, तेव्हा घरातल्या लहानांना जवळ बोलवा आणि तिचे चारही जन्म सांगा. आणि पाचाडला किंवा विश्रामबागेत गेलात, तर ‘हे कोणी बांधले?’ या प्रश्नावर थांबू नका. ‘यानंतर इथे कोण आले?’ हेही विचारा. पणती लावायची ती उंबऱ्यावर, आणि उंबरा हा येणाऱ्यासाठीच असतो.