दहा मार्कांचं जग

नाशिकच्या कॉलेजांतून इंग्रजी साहित्य, समाजशास्त्र शिकणारी आपली पोरंपोरी भेटतात. अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्यावर बोलू म्हटलं की गाईड पुढं करतात. वंशभेदाची कारणे, परिणाम, सहा मुद्दे, दहा मार्क. पेपर संपला की अमेरिकाही संपली.

यात दोन तऱ्हा आहेत. एकाला परदेश म्हणजे स्वर्ग. म्हणतो, तिकडं जातबित काही नसते. मग 2023 च्या फेब्रुवारीत सिएटलच्या नगर परिषदेला जातिभेदावर बंदी का घालावी लागली? जात तिथं कुणी नेली? विमानात बसताना डिग्रीबरोबर तीही बॅगेत होतीच की!

दुसरा म्हणतो, आपलं दुःख आपलं, परक्याला काय कळणार? ऐकायला हे बाणेदार वाटतं. पण 1913 साली कोलंबियात शिकायला गेलेल्या बाबासाहेबांनी असं म्हटलं नाही. 1946 मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या युनोकडच्या अर्जाची प्रत मागवली. 1972 चे पँथर नाव घेताना ओकलंडकडं बघत होते. आणि 2020 साली इझाबेल विल्करसन या काळ्या लेखिकेनं स्वतःच्या देशावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ठेवलं 'कास्ट'. म्हणजे तिला तिचा देश कळायला आपला शब्द लागला. नि आपण मार्क मोजतोय!

माझी खरी तक्रार वाचण्याच्या रीतीबद्दल आहे. बाबूराव बागूल आपल्या विहितगावचे. जन्म 1930 चा, काळाराम सत्याग्रहाच्याच सालातला. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह 1963 चा. शीर्षककथेतला रेल्वेत नोकरीला गेलेला तरुण जात लपवतो, ती उघडी पडते आणि तो मार खातो. नेला लार्सनची 'पासिंग' ही कादंबरी 1929 ची. तिच्यातली गोऱ्या कातडीची काळी बाई गोरी म्हणून संसार करते. नवऱ्याला कळतं तेव्हा खिडकीतून पडून मरते.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा. कातडी झाकायची तर ती जन्मतःच उजळ असावी लागते. जात कातडीवर नसते, ती आडनावात, गावात, बापाच्या धंद्यात हुडकली जाते. म्हणून आपल्याकडं खोली भाड्यानं देण्याआधी पूर्ण नाव विचारतात. हा फरक गाईडात कसा सापडणार? तो वस्तीतल्या पोरालाच आधी दिसेल, कारण नाव सांगताना अडखळलेली जीभ त्याची आहे.

तेव्हा दोस्तहो, रोझा पार्क्सवर उत्तर लिहाल तेव्हा 1955 च्या माँटगोमेरीशेजारी 2 मार्च 1930 चं पंचवटी आणि दादासाहेब गायकवाडही लिहा. कुठं जुळतं, कुठं जुळत नाही, तेही मांडा. मास्तर म्हणतील, हे सिलॅबसात नाही. मार्क कापतील. कापू द्या. पण का कापले, ते वर्गात उभं राहून विचारा.