बटलच्या बायकोचा प्रश्न

टेरी गिलियम यांच्या 'ब्राझील' (१९८५) या चित्रपटाचा ब्राझील देशाशी काही संबंध नाही. नाव एका जुन्या गाण्यावरून घेतले आहे आणि कथा घडते ती नाव नसलेल्या एका शहरात. त्या शहरावर माहिती मंत्रालयाचे राज्य आहे. दिवस नाताळचे आहेत. एका कार्यालयात यंत्रावर अटकेचे कागद छापले जात आहेत. कारकून छताजवळ घोंगावणारा एक किडा मारतो, तो मेलेला किडा यंत्रात पडतो आणि एका कागदावर 'टटल'च्या जागी 'बटल' छापले जाते. देवनागरीत लिहिले तरी फरक एकाच अक्षराचा! तेवढ्यावरून बटल नावाच्या एका गरीब, संसारी माणसाच्या घराचे छत कापून शिपाई आत उतरतात आणि बायकामुलांसमोर त्याला बांधून घेऊन जातात. बायकोला नवऱ्याची पावती देतात. ती पावती मिळाल्याची पोच मात्र तिच्याकडून सही करून घेतात.

मराठीत या चित्रपटावर जे थोडेफार बोलले गेले ते बहुधा ऑर्वेलच्या अंगाने. ते चूकही नाही. चित्रपटात वारंवार येणाऱ्या '२७-ब/६' या अर्जाच्या क्रमांकात ऑर्वेल लंडनला ज्या घरात राहत होता त्या घराचा क्रमांक दडलेला आहे. पण आपण सातारा-सांगलीकडचे लोक हा चित्रपट पाहू लागलो की ऑर्वेल जरा मागे राहतो आणि तो किडाच पुढे येतो. कारण आपल्यापैकी कितीतरी घरांत तो कधी ना कधी पडून गेलेला आहे.

आमच्या आजोबांचे नाव शाळेच्या दाखल्यावर 'महंमद', सातबाऱ्यावर 'महमद' आणि शिधापत्रिकेवर 'मोहमद' असे होते. माणूस एकच, जमीन एकच आणि कबरही एकच. वारसाची नोंद करताना मात्र हे तिघे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. अशा गोष्टी आपण एकमेकांना हसत सांगतो. गावाने 'मुलाणी' म्हणायचे, मास्तरांनी 'मुल्ला' लिहायचे आणि मुंबईला नोकरीला गेलेल्या भावाने 'शेख' लावायचे, हे आपल्याकडे नवे नाही.

या हसण्यामागे एक जड गोष्ट आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसींना सवलती मिळू लागल्या. अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी-नदाफ अशा व्यवसायांवरून पडलेल्या जमातींच्या मुलांना शिक्षणाची एक वाट उघडली. पण त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि त्या काळातल्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढाच शब्द असतो. ज्याच्या आजाने जन्मभर कापूस पिंजला तो पिंजारी होता हे सगळा गाव सांगेल, पण गावाचे सांगणे पुरत नाही. मग कोतवाल बुकातल्या जुन्या नोंदी शोधायच्या, त्या मोडीत असल्या तर वाचणारा शोधायचा, आणि त्यातही पणज्याचे नाव अर्धवट लिहिलेले निघायचे. या साऱ्यात कुणी दुष्ट नसते, हे मुद्दाम सांगायला हवे. कारकून बसायला सांगतो, कधी चहाही देतो. त्याच्यापुढचा कागद त्याच्याहून मोठा असतो एवढेच.

गिलियम यांना हे नेमके कळले आहे. त्यांच्या मंत्रालयात राक्षस नाहीत. नायक सॅम लाउरी (जोनाथन प्राइस) सज्जन आणि हुशार आहे. त्याचा साहेब कुर्ट्झमन भित्रा आहे, सहीची वेळ आली की त्याचा हात चालत नाही. जॅक हा सॅमचा जुना मित्र प्रेमळ बाप आहे आणि त्याचा पेशा कैद्यांचा छळ करण्याचा आहे. त्याची टंकलेखिका कैद्याच्या किंकाळ्या जशाच्या तशा टंकित करते. दोन खोल्यांच्या मधली भिंत एका टेबलाच्या मधोमध येते आणि दोन अधिकारी ते टेबल आपापल्या बाजूला ओढत बसतात, हे दृश्य पाहून हसू न येणाऱ्या माणसाने कधी सरकारी कचेरी पाहिलीच नसेल. बटलच्या छताला पाडलेले भोक बुजवायला माणसे येतात तेव्हा आणलेले झाकण मापात बसत नाही. मापाची पद्धत बदलली ते त्यांना कुणी कळवलेले नसते.

आपले वाचक असा चित्रपट पाहून चटकन म्हणतील की ही आपलीच गोष्ट आहे, बटल म्हणजे आपण. मला इथे थोडे थांबावेसे वाटते. त्या यंत्राला बटलचा राग नाही. ते त्याला ओळखतही नाही. किडा कोणाच्याही नावावर पडू शकतो. पण ज्या नावांची कारकुनाच्या हाताला सवय नाही त्यांवर तो जास्त वेळा पडतो, हेही तितकेच खरे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसाममध्ये नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि १९,०६,६५७ माणसे तिच्याबाहेर राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते, आणि बापाच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकाने बाहेर पडलेलेही होते. त्याच ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले होते आणि घराघरांतली कागदपत्रे भिजली होती. पुढे डिसेंबरात नागरिकत्वाची चर्चा देशभर पेटली तेव्हा पुरात कागद गमावलेल्या माणसाला काय वाटले असेल, हे समजायला ऑर्वेल वाचावा लागत नाही.

आता टटलविषयी. ज्याला पकडायचे होते तो हॅरी टटल (रॉबर्ट डी नीरो) बॉम्ब ठेवणारा कुणी नाही. तो घर गरम ठेवणारी यंत्रणा दुरुस्त करणारा माणूस आहे. अर्ज, परवाना, शिक्का यांना कंटाळून त्याने सरकारी खाते सोडले आहे. रात्री दोरावरून येतो, बिघडलेले यंत्र दहा मिनिटांत नीट करतो आणि अंधारात नाहीसा होतो. आमच्या मुलखातल्या प्रेक्षकाला इथे प्रतिसरकार आठवले नाही तरच नवल. १९४३ ते १९४६ या काळात त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसह, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी इंग्रजांच्या कचेऱ्या बाजूला सारून गावोगाव न्यायदान मंडळे चालवली. कुंडलसारख्या गावांत तंटे चावडीवर तोडले जात. मुद्रांक नाही, वकील नाही, तारखा नाहीत.

पण साम्य इथवरच. टटल एकटा आहे. त्याला कोण जेवू घालतो, कोण लपवतो, हे चित्रपट सांगत नाही. प्रतिसरकार टिकले ते रात्री दार उघडून भाकरी देणाऱ्या बायांमुळे. दुसरेही एक सांगायला हवे. 'पत्री सरकार' हे नाव ज्या शिक्षेच्या कथांवरून पडले, तिची भीती गावांनी अनुभवली होती. कागद नसलेला न्याय झटपट असतो, पण त्यावर अपीलही नसते. गिलियम यांना बंडखोर आवडतो, तो एकटा असला की अधिकच आवडतो. शेवटी सॅमच्या स्वप्नात वाऱ्याने उडणारे कागद टटलला चिकटत जातात, त्याला पुरते झाकून टाकतात, आणि कागद दूर करून पाहावे तर आत माणूसच नसतो. प्रतिमा विलक्षण आहे. कदाचित दिग्दर्शकालाही तिथे ठाऊक असावे की एकट्या वीरावर किती भार टाकता येतो.

माझी खरी तक्रार मात्र बटलच्या बायकोविषयी आहे. बटल चौकशीत मरतो. मेलेल्या माणसाच्या खात्यावर चुकीची रक्कम पडली म्हणून परताव्याचा धनादेश घेऊन सॅम तिच्या घरी जातो (या राज्यात चौकशीचा खर्च आरोपीकडूनच वसूल करतात). त्याला फक्त पोच हवी आहे. ती त्याला विचारते, नवऱ्याच्या मयताचे काय केले. मयत मिळणे, गुसल देणे, कफन घालणे, मूठ माती देणे यांचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला त्या प्रश्नानंतर चित्रपट पुढे पाहवत नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी सॅमला फुटक्या आरशात आपल्या स्वप्नातली मुलगी दिसते व तो तिच्यामागे धावत सुटतो. चित्रपटही त्याच्याबरोबर धावतो. पुढचा सगळा वेळ पंख लावून आकाशात उडणारा सॅम, त्याची प्रेयसी, स्फोट, पाठलाग. अमेरिकेतली वितरक कंपनी युनिव्हर्सलने गोड शेवटाची छाटलेली आवृत्ती करवली आणि गिलियम यांनी आपल्या शेवटासाठी जाहीर भांडण केले, ते योग्यच होते. पण त्या भांडणातही बटलबाईची आठवण कोणाला नव्हती.

ती आठवण मराठीत ठेवली गेली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळे एका मॅनहोल कामगाराने आत्महत्या केली. हाही किड्यासारखाच आरोप, फक्त इथे तो कायद्याची कलमे लावून, शांत आवाजात वाचून दाखवला जातो. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचे प्रकरण न्यायाधीश ऐकत नाहीत. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात. इथेही राक्षस नाहीत. आणि मग त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. ही भूमिका करणाऱ्या बाई व्यावसायिक नटी नाहीत आणि ते पडद्यावर जाणवते. नवरा गटारात उतरण्याआधी दारू प्यायचा, कारण वास सहन व्हायचा नाही. संरक्षणाचे साहित्य काही नव्हते. आत खडा टाकून झुरळे बाहेर येतात का पाहायचे, आली तर उतरायचे. ती हे रडत सांगत नाही. विचारले तेवढे सांगते. कॅमेरा हलत नाही, कुणाला स्वप्न पडत नाही. नंतर बचावाचे वकील तिला गाडीने घरी सोडतात आणि पैसे देऊ करतात. ती ते घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.

जामिनावर सुटलेल्या कांबळेंना छापखान्यात पुन्हा अटक होते, अधिक कडक कायद्याखाली. मग न्यायालयाला सुट्टी लागते. खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात, दार ओढले जाते, आणि पडदा बराच वेळ काळाच राहतो. चित्रपट संपला असे वाटून प्रेक्षक उठायच्या बेतात असतात. तेवढ्यात न्यायाधीशांची सहल सुरू होते.