भिंतीपलीकडचा खून आणि अलीकडचे आपण

मंडळी, सांगली ही नाटक बघणाऱ्यांची नगरी. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथेच रंगवलं. पुढे 1963 साली सांगलीत आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि सातारा-सांगलीकडच्या घरांना नाटक ऐकायचीही सवय लागली. आज ज्या नभोनाट्याबद्दल आम्ही बोलणार आहोत, ते मात्र अमेरिकेतलं आहे. पण ऐकताना आठवतात ते आपलेच शेजारी.

नाव ‘सॉरी, राँग नंबर’, लेखिका लुसिल फ्लेचर. सीबीएस रेडिओच्या ‘सस्पेन्स’ या मालिकेत 25 मे 1943 रोजी ते पहिल्यांदा लागलं. जेमतेम अर्धा तास. अंथरुणाला खिळलेली एक बाई नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावत असते. लाइन चुकून भलतीकडेच जुळते आणि दोन माणसं एका बाईच्या खुनाचा बेत पक्का करताना तिला ऐकू येतात. ती ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते. कुणी मनावर घेत नाही. मरणारी बाई ती स्वतःच, हे तिला कळतं तेव्हा वेळ उरलेली नसते.

आता त्या बेतातला एक तपशील बघा. वेळ ठरलीय रात्री सव्वाअकराची. का? तर तेव्हा पुलावरून रेल्वे जाते. खिडकी उघडी असली आणि बाई ओरडली, तरी त्या खडखडाटात आवाज बुडेल. पहारेकऱ्याची चिंता नाही, तो त्या सुमाराला बिअर प्यायला जातो. म्हणजे खुन्याला धास्ती एकाच गोष्टीची आहे: शेजाऱ्याच्या कानाची!

आणि लेखिकेची खरी चलाखी पुढेच आहे. ही बाई गोड नाही. किरकिरी, हेकट, सगळ्यांवर खेकसणारी. अ‍ॅग्नेस मूरहेडचा तो चिरका आवाज ऐकून आपणही वैतागतो, ऑपरेटरची बाजू घेतो. ‘काय कटकट आहे!’ असं मनात येतं ना, तिथेच आपण फसलो. कटकटी माणसाचं खरं बोलणंही कटकटच वाटतं. 1948 साली यावर सिनेमा निघाला. त्यात पूर्वकथा आल्या, नवऱ्याचे व्यवहार आले, सगळं नीट उलगडलं, आणि आमच्या मते तिथेच धार गेली. रेडिओवर आपल्याकडे फक्त कान असतो. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडेही तेवढंच असतं.

फ्लेचरबाईंनी 1946 साली याच मालिकेसाठी ‘द थिंग इन द विंडो’ लिहिलं. तिथे उलटी बाजू आहे. समोरच्या इमारतीच्या खिडकीत एका नटाला प्रेत दिसतं, पण बाकी कुणाला पटत नाही. तक्रार करणाराच वेडा ठरतो. शेवट सांगत नाही, ऐका.

आता आपल्याकडे या. वाड्यात कुणाकडे भांडण झालं की सगळा चौक गोळा व्हायचा. भोचकपणा होता, त्रासही होता. पण कुणीतरी दार वाजवायचं. आता साताऱ्यात काय, सांगलीत काय, फ्लॅटचं दार बंद. पलीकडून रडणं आलं की आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. ‘त्यांचं घरचं आहे’ म्हणतो. फ्लेचरच्या खुन्याला रेल्वेची वाट बघावी लागली. आपल्याकडे ती सोय शेजारीच करून देतो.

2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात, अत्याचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. प्रामाणिकपणे दिली तर त्याबद्दल त्याच्यावर जबाबदारी येत नाही. 2008 ची ‘बेल बजाओ’ मोहीम तर याहून सोपं सांगत होती: जा आणि बेल वाजवा. दूध मागा, वेळ विचारा, काहीही. पण आत कळू दे की बाहेर कुणीतरी ऐकतंय.

रहस्यनाट्य ऐकताना आपण विचारतो, खुनी कोण? या नाटकानंतर दुसरा प्रश्न विचारावा असं आम्हाला वाटतं: ऐकू कुणाकुणाला आलं होतं?