काव्यवाचन आणि नवोदित कवीचा उच्चार

कवीने स्वतःची कविता श्रोत्यांपुढे म्हणावी, ही प्रथा मराठीत नवी नव्हे. जळगाव येथे १९०७ साली भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायन लोकप्रिय केले. करंदीकर, बापट व पाडगावकर यांच्या जाहीर कार्यक्रमांनी मात्र काव्यवाचनाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली.

गायन आणि वाचन यांतील भेद केवळ अभिरुचीचा नाही. तो भाषिक आहे. अक्षरगणवृत्तात ‘घर’ या शब्दातील अन्त्य ‘अ’ पूर्णपणे उच्चारावा लागतो. बोलण्यात तो लोपतो. वृत्तात यतीचे स्थान ठरलेले असते. मुक्तछंदात ते वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. नवोदित कवी शाळेतील पाठांतराची सवय मुक्तछंदावर लादतो. परिणामी प्रत्येक ओळ एकाच हेलात संपते आणि अर्थ बुडतो. ही चूक टाळण्यासाठी दुसरा कोणी सरळ गद्यासारखे वाचतो. मग ओळ तोडण्याचे प्रयोजनच उरत नाही. ओळीच्या अखेरीस किंचित थांबावे, पण वाक्य पुरे होईपर्यंत स्वर उतरवू नये, हाच मध्यम मार्ग होय. हस्तलिखितावर अशा जागी आधीच खुणा करून ठेवल्यास भीतीपोटी येणारी घाईही आवरते.

याहून बिकट प्रश्न बोलीचा आहे. नवी मुंबईतील शिरवणे हे आगरी वस्तीचे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर या परिसरातील शेतजमिनी नव्या शहरासाठी संपादित झाल्या आणि गावाभोवती प्रमाण मराठीसह अनेक भाषा येऊन वसल्या. आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. येथील एखाद्या नवोदिताने आपल्या बोलीत ‘डोले’ आणि ‘बोले’ असे यमक साधले आणि व्यासपीठावर संकोचाने ‘डोळे’ म्हटले, तर शुद्धतेच्या नावाखाली यमकच मोडते. कवितेची ध्वनिरचना ज्या उच्चारावर उभी आहे, तोच उच्चार कवी नाकारतो.

परक्या श्रोत्याला ‘डोले’ हे क्रियापद वाटेल, हा आक्षेप निराधार नाही. परंतु असा संदेह बहुधा संदर्भाने फिटतो. न फिटल्यास वाचनापूर्वी एक वाक्य सांगणे पुरेसे आहे. त्यासाठी उच्चार बदलणे म्हणजे श्रोत्याच्या सोयीसाठी कविताच बदलणे होय.

म्हणून नवोदिताला स्पष्टोच्चार अवश्य शिकवावा. परंतु स्पष्ट उच्चार आणि प्रमाण उच्चार या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करणारे मार्गदर्शन कवीला व्यासपीठ देते आणि त्याचा आवाज काढून घेते.